कॉमा कुठे, सेमिकोलन कुठे

इंग्रजी लिहिताना चांगली शिकलेली माणसंही कॉमा आणि सेमिकोलन यांत गल्लत करतात, आणि त्याचं मूळ बरेचदा शाळेत सापडतं. कॉमा आला की थोडं थांबायचं, सेमिकोलन आला की त्याहून जरा जास्त थांबायचं, असं आपल्याला शिकवलेलं असतं. मोठ्याने वाचायला हे ठीक आहे. लिहायला बसल्यावर मात्र ते कामाला येत नाही, कारण आजच्या इंग्रजीत ही दोन्ही चिन्हं ठरतात ती मुख्यतः वाक्याच्या रचनेवरून. किती वेळ थांबायचं हा प्रश्नच बाजूला ठेवावा.

कॉमा वाक्याच्या आतले तुकडे वेगळे करतो. सेमिकोलन जिथे येतो तिथे खरं तर पूर्णविराम देता आला असता, पण दोन वाक्यांचं नातं इतकं जवळचं असतं की लिहिणाऱ्याला ती तोडायची नसतात. म्हणून कसोटी सोपी आहे: त्या जागी पूर्णविराम देऊन पाहा. दोन्ही बाजू आपापल्या पायांवर उभ्या राहिल्या, तरच सेमिकोलनचा विचार करा.

‘इट वॉज रेनिंग, वुई स्टेड होम.’ इथे दोन्हीकडे कर्ता आहे, क्रियापद आहे, म्हणजे ही दोन पूर्ण वाक्यं झाली. मराठीत ‘पाऊस पडत होता, आम्ही घरीच थांबलो’ असं आपण सहज लिहितो आणि त्यात काही चूक नाही. इंग्रजीत मात्र नुसत्या कॉमाने अशी दोन वाक्यं जोडणं दोष समजला जातो. त्याला ‘कॉमा स्प्लाइस’ म्हणतात. कॉमानंतर ‘सो’ घाला, किंवा कॉमा काढून सेमिकोलन द्या. ‘आय केम, आय सॉ, आय कॉन्कर्ड’ यासारख्या अगदी छोट्या, एकाच ठेक्याच्या वाक्यांना तेवढी सूट मिळते. उलट ‘ऑलदो इट वॉज रेनिंग’ हा भाग एकटा उभा राहत नाही, म्हणून त्याच्यापुढे कॉमाच हवा, सेमिकोलन नाही.

ऑफिसच्या मेलमध्ये सगळ्यात जास्त घोळ घालणारा शब्द म्हणजे ‘हाउएव्हर’. ‘द ट्रेन वॉज लेट, हाउएव्हर, वुई रीच्ड ऑन टाइम.’ दिसायला नीटनेटकं, पण चूक. ‘बट’ हे दोन वाक्यं जोडणारं अव्यय आहे, ‘हाउएव्हर’ त्या अर्थाने जोडत नाही. दोन कॉमांच्या मध्ये तो अडकला की तो मागच्या वाक्याचा की पुढच्या, हेही वाचणाऱ्याला लगेच कळत नाही. ‘द ट्रेन वॉज लेट; हाउएव्हर, वुई रीच्ड ऑन टाइम’ असं लिहिलं की प्रश्न मिटतो. पण ‘द ट्रेन, हाउएव्हर, वॉज लेट’ इथे वाक्य एकच आहे आणि शब्द त्याच्या पोटात आलाय, म्हणून दोन्ही कॉमा अगदी बरोबर. ‘देअरफोर’चंही तसंच.

जाता जाता आणखी एक सवय सांगतो. मराठीत बरेच जण ‘तो म्हणाला, की…’ असा कॉमा देतात. तो इंग्रजीत नेऊ नये. ‘ही सेड दॅट’मध्ये ‘दॅट’च्या आधी काही नको.

सेमिकोलनचं दुसरं काम यादीतलं. ‘नाशिक, महाराष्ट्र, मडगाव, गोवा, बेळगाव, कर्नाटक’ असं लिहिलं तर परक्या वाचकाला ती सहा ठिकाणं वाटतील. ‘नाशिक, महाराष्ट्र; मडगाव, गोवा; बेळगाव, कर्नाटक’ लिहिलं की ती तीन होतात.

यादीतल्या विरामचिन्हाची किंमत काय असू शकते, हे अमेरिकेतल्या मेन राज्यात दिसलं. तिथल्या कायद्यानुसार आठवड्याच्या ४० तासांपुढच्या कामाला दीडपट वेतन मिळतं, पण नाशवंत खाद्यपदार्थांशी संबंधित काही कामं त्यातून वगळली होती. त्या यादीचा शेवट असा होता: ‘स्टोअरिंग, पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’. ‘शिपमेंट’नंतर कॉमा नाही. ओकहर्स्ट डेअरीचे ड्रायव्हर दुधाचं वितरण करत, पॅकिंग करत नसत. कंपनी वितरण हेही वगळलेलं वेगळं काम धरत होती. ड्रायव्हरांचं म्हणणं, वगळलेलं काम आहे ते पॅकिंग, मग ते पाठवण्यासाठी असो की वितरणासाठी. आणि त्यांनी एक फार बारीक गोष्ट दाखवली: यादीतली बाकी सगळी कामं ‘-इंग’ने संपतात, ‘शिपमेंट’ आणि ‘डिस्ट्रिब्यूशन’ तेवढे संपत नाहीत, म्हणजे ही जोडी ‘फॉर’ला लागून आहे. शेवटच्या घटकाआधीचा कॉमा टाळावा, अशी राज्याच्या कायदे-लेखन पुस्तिकेची सूचना होती, त्यामुळे कंपनीची बाजूही पोकळ नव्हती. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने मजकूर संदिग्ध ठरवला आणि संदिग्धतेचा फायदा कामगारांना दिला. पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली.

मेनच्या विधिमंडळाने मग ते कलम दुरुस्त केलं, तेव्हा नुसता राहिलेला कॉमा घालून ते थांबले नाहीत. यादीतल्या प्रत्येक कामानंतर सेमिकोलन दिला, ‘शिपमेंट’नंतरही, आणि ‘डिस्ट्रिब्यूशन’चं ‘डिस्ट्रिब्यूटिंग’ केलं.