‘विनयभंग’ आणि ‘नराधम’ : दोन शब्दांची पार्श्वभूमी

१९ जानेवारी २०२१ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एक निकाल दिला. तो बातम्यांत यायला काही दिवस गेले, पण आला तो ‘स्किन टू स्किन’ हे शब्द घेऊनच. पेरू देतो म्हणून बारा वर्षांच्या मुलीला घरात नेऊन तिच्या छातीला हात लावणाऱ्या माणसाला सत्र न्यायालयाने पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या कायद्याखाली, तीन वर्षांची शिक्षा दिली होती. त्वचेचा त्वचेला स्पर्श झालेला नाही, म्हणून हा पोक्सोतला ‘लैंगिक हल्ला’ नव्हे, असं खंडपीठाने ठरवलं. गुन्हा भारतीय दंडसंहितेच्या कलम ३५४ मध्ये, म्हणजे विनयभंगात गेला आणि शिक्षा एक वर्षावर आली.

मथळ्यांत एक गोष्ट मावली नाही : आरोपी सुटलेला नव्हता. वरवर वाचणाऱ्याला मात्र तो सुटलाच असं वाटावं, अशी मांडणी होती. संताप योग्यच होता. २७ जानेवारीला स्थगिती आली आणि १८ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. स्पर्शामागचा लैंगिक हेतू महत्त्वाचा, कपडा मध्ये होता की नव्हता हे नाही, असं स्पष्ट केलं. पण त्या दहा महिन्यांत सगळी चर्चा त्वचेभोवती फिरली. मुलीच्या शरीरावरच्या हल्ल्याला ‘विनयभंग’ का म्हणायचं, हा प्रश्न जवळजवळ कुणी विचारला नाही.

हा शब्द १८६० च्या दंडसंहितेतल्या ‘मॉडेस्टी’चा मराठी अवतार. कायद्याने ‘मॉडेस्टी’ची व्याख्या कधीच केली नाही. १९६६ मध्ये साडेसात महिन्यांच्या बाळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला ठरवावं लागलं, की स्त्रीचा विनय तिच्या स्त्री असण्यातच आहे, तो जन्मापासून तिच्याजवळ असतो. एवढ्या लहान जिवाला कसला आलाय विनय, असा प्रश्न कोर्टात यावा, यातच शब्दाचा दोष दिसतो. ‘विनयभंग’ ऐकलं की मोडतं ते बाईचं काहीतरी : शील, अब्रू, घराण्याची इज्जत. करणारा वाक्यातून बाजूला होतो. पोलीस ठाण्यात तर ‘३५४ दाखल’ एवढंच म्हणत, आणि बातमीदार तेच उचलत असे. २०१३ पर्यंत या कलमाला किमान शिक्षाच नव्हती. केवळ दंडावरही भागत असे. वाचकाच्या मनात ‘विनयभंग म्हणजे किरकोळ’ हे बसलं, ते उगीच नाही.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या प्रकरणानंतर उभ्या राहिलेल्या आंदोलनातून १९८३ मध्ये पीडितेची ओळख छापण्यावर बंदी आली. ते प्रकरण मात्र आजही त्या मुलीच्याच नावाने ओळखलं जातं. १९९४ मध्ये मुलींना धमकावून झालेल्या लैंगिक अत्याचारांच्या जळगावच्या प्रकरणाला वर्तमानपत्रांनी ‘वासनाकांड’ म्हटलं. त्या शब्दात ब्लॅकमेल आणि जबरदस्ती दिसेनाशी झाली, उरलं ते चवीनं वाचण्याजोगं काहीतरी. अशा मथळ्यानंतर साक्षीला उभं राहणं किती अवघड, हे वेगळं सांगायला नको.

मराठी बातमीचा दुसरा ठरलेला शब्द ‘नराधम’. विनयभंग म्हणजे ‘मिटवून टाका’, नराधम म्हणजे ‘फासावर द्या’. अधलंमधलं काही नाही. ओळखीचा, शेजारचा, नात्यातला माणूस नराधमासारखा दिसत नाही, म्हणून त्याच्याबद्दलच्या तक्रारीवर विश्वास बसत नाही. २०१८ मध्ये ‘मी टू’ मोहिमेत बायका जुन्या लैंगिक छळाबद्दल उघड बोलू लागल्या, तेव्हा ‘इतकी वर्षं गप्प का होत्या?’ हा प्रश्न वाहिन्यांवर पुन्हा पुन्हा आला, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. ३५४ चं ७४ झालं, ‘विनयभंग’ राहिला. त्यानंतर दीड-दोन महिन्यांत बदलापूर घडलं : शाळेतल्या दोन चिमुरड्यांवर लैंगिक अत्याचार, तक्रार नोंदवायला लागलेला वेळ, २० ऑगस्टचा रेल रोको. सप्टेंबरमध्ये आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला तेव्हा पेढे वाटले गेले. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने ‘स्वसंरक्षणात गोळी झाडली’ या पोलिसांच्या सांगण्यावर शंका घेतली. त्याच्यावरचा खटला चाललाच नाही, आणि त्या खटल्यात मुलींना जे सांगता आलं असतं ते नोंदलं गेलंच नाही.