उंचावरचा उन्हाळा आणि उष्णतेचा हिशेब

उन्हाळ्यातला शनिवार-रविवार साधून उंच डोंगरात जाणाऱ्यांची नजर बहुधा शिखरावर खिळलेली असते. दोन दिवसांत डोंगर समजून घ्यायचा असेल, तर त्याहून उपयोगी वाट उष्णतेचा माग काढण्याची आहे, असे मला वाटते. ती कुठून येते, कुठे साठते, कोणाला पुरते आणि कोणाला जास्त होते, एवढे पाहत चालले तरी कातळाला चिकटून फुललेले रोप, शिटी घालून दगडाआड पळणारा प्राणी, दुपारी भरून येणारे आभाळ आणि संध्याकाळी फुगलेला ओढा यांचा परस्परसंबंध लागू लागतो.

वर जाताना हवेचे तापमान सरासरीने दर किलोमीटरला सुमारे ६.५ अंश सेल्सिअसने उतरते. वातावरण तापते ते मुख्यतः खालून, जमिनीच्या उष्णतेने. आणि तापून वर चढणारी हवा कमी दाबात प्रसरण पावताना स्वतःचीच उष्णता खर्च करून थंड होते. सपाट प्रदेशात एवढा फरक अनुभवायचा तर ध्रुवाच्या दिशेने शेकडो किलोमीटर प्रवास करावा लागतो. डोंगरात तो एका दिवसाच्या चढाईत मिळतो. जर्मन निसर्गअभ्यासक अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट आणि फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञ एमे बाँप्लां १८०२ मध्ये अँडीज पर्वतातील चिंबोराझोवर चढले, तेव्हा त्यांनी वाटेत वायुदाब आणि तापमान मोजले व कोणती वनस्पती किती उंचीवर आढळते याची नोंद केली. वनस्पतींचे पट्टे उंचीनुसार बदलतात, हे त्यातून तयार झालेल्या चित्राने युरोपीय विज्ञानापुढे ठळकपणे मांडले.

या पट्ट्यांमधली सर्वांत ठसठशीत सीमा म्हणजे वृक्षरेषा. तिच्या जवळ झाडे खुजी आणि वाकडीतिकडी होतात, वाऱ्याच्या बाजूच्या फांद्या झडतात, आणि मग झाडे संपतातच. जगभरातील पर्वतांत ही रेषा वेगवेगळ्या उंचीवर असली, तरी वाढीच्या हंगामातले सरासरी तापमान तिथे साधारण सहा अंशांच्या आसपास असते. त्याहून थंड जागी प्रकाशसंश्लेषण चालू राहू शकते, परंतु तयार झालेल्या साखरेपासून नवे लाकूड आणि नव्या पेशी घडवण्याचे काम जवळजवळ थांबते. उंच झाडाचा शेंडा वाहत्या, गार हवेत असतो आणि त्या हवेच्या तापमानापासून त्याची सुटका नसते. जमिनीलगतच्या रोपाची गोष्ट मात्र वेगळी.

वृक्षरेषेच्या वरच्या कातळांवर गुडघे टेकून पाहावे, असे तिथे खूप काही असते. सायलीनी अकॉलिस ही आल्प्स, उत्तर अमेरिकेतील रॉकी पर्वत आणि आर्क्टिक प्रदेशात आढळणारी वनस्पती घट्ट, गोल उशीसारखी वाढते. हिरव्या पृष्ठभागावर इवली गुलाबी फुले असतात. पाने एकमेकांना इतकी खेटून असतात की वारा आत शिरत नाही, आणि सूर्याने दिलेली ऊब आतच कोंडून राहते. निरभ्र दुपारी अशा रोपाच्या आतले तापमान बाहेरच्या हवेपेक्षा दहा अंशांहूनही अधिक असू शकते. छोटा तापमापक आधी कमरेच्या उंचीवर सावलीत धरावा आणि मग त्याचे टोक रोपाला धक्का न लावता त्याच्या कडेला टेकवावे. दोन आकड्यांमधला फरक पाहिला की झाडे जिथे हरली तिथे ही रोपे कशी तगली, हे वेगळे सांगावे लागत नाही. या रोपावर पाय मात्र पडता कामा नये, कारण त्याची वाढ अतिशय संथ असते आणि वीतभर रुंदीचे रोपही कित्येक दशकांचे असू शकते.

उष्णता मिळवण्याच्या इतर रीतीही पाहण्याजोग्या आहेत. रॉकी पर्वतातील रननक्युलस अॅडोनियस हे पिवळे फूल वितळत्या बर्फाच्या कडेला उमलते आणि दिवसभर सूर्याच्या दिशेने तोंड फिरवत राहते. त्यामुळे फुलाचा आतला भाग उबदार राहतो आणि थंडीने मंदावलेले कीटक तिथे अधिक वेळ रेंगाळतात. पूर्व हिमालयात चार हजार मीटरच्या वर वाढणारी ऱ्हीयम नोबिले ही वनस्पती माणसाच्या उंचीची होऊ शकते. तिच्या फुलोऱ्यावर फिकट पिवळ्या, अर्धपारदर्शक पानांची घडी असते. ही पाने दृश्य प्रकाश आत येऊ देतात, घातक अतिनील किरण बरेचसे अडवतात आणि आतली ऊब राखतात. उघड्या माळावर दूरवरून दिसणारा हा फिकट मनोरा म्हणजे वनस्पतीने स्वतःच उभारलेले हरितगृह आहे.

या फुलांवर येणारी केसाळ, जाडसर बंबलबी, म्हणजे मधमाशीची नातलग, जवळून पाहावी. उडण्याचे स्नायू सुमारे तीस अंशांपर्यंत तापल्याशिवाय तिला उडता येत नाही. थंड सकाळी ती पंख न हलवता तेच स्नायू थरथरवते आणि स्वतःला तापवून घेते. या वेळी तिच्या पोटाची लयीत होणारी हालचाल नीट पाहिल्यास दिसते. अपोलो फुलपाखराकडे अशी भट्टी नाही. त्याच्या पांढऱ्या पंखांचा शरीरालगतचा भाग काळसर असतो आणि अंगावर दाट केस असतात. पंख पसरून ते उन्हात दगडावर बसते, काळसर भाग ऊन शोषतो आणि ऊब शरीराला मिळते. ढगाची सावली आली की ते गवतात उतरून निपचित बसते, म्हणून फुलपाखरे पाहायची असतील तर निरभ्र सकाळ वाया घालवू नये.

प्राण्यांचा हिशेब आणखी कठोर आहे, कारण त्यांना आज जगायचे असते आणि हिवाळ्याचीही तरतूद करायची असते. पिवळ्या पोटाचा मार्मोट हा खारीच्या कुळातला मोठा प्राणी वर्षातले सात-आठ महिने बिळात झोपून काढतो. त्या काळात त्याच्या शरीराचे तापमान पाच अंशांच्या आसपास उतरते, आणि जागा होईपर्यंत त्याला उन्हाळ्यात साठवलेल्या चरबीवरच भागवावे लागते. सकाळी खडकावर ऊन खात पसरलेला मार्मोट आळशी वाटतो, परंतु चरायला निघण्यापूर्वी तो फुकटची उष्णता घेत असतो. भर दुपारी तो बिळात शिरतो. त्याची इशाऱ्याची शिटी ऐकू आली, तर आपण फार जवळ गेलो आहोत असे समजून मागे सरावे. पळण्यात आणि सावधपणे उभे राहण्यात गेलेला प्रत्येक क्षण त्याच्या चरण्याच्या वेळेतून वजा होतो.

दगडांच्या राशींत राहणारा मूठभर आकाराचा पिका अशी हिवाळी झोप घेतच नाही. सशाचा हा नातलग उन्हाळाभर तोंडात गवत आणि फुलांचे झुबके धरून धावत असतो आणि दगडाखाली चाऱ्याची गंजी रचतो. अमेरिकी पिका काही विषारी द्रव्ये असलेली पानेही साठवतो. या द्रव्यांमुळे चारा कुजत नाही, आणि हिवाळ्यापर्यंत त्यांचे प्रमाण उतरल्यावर तीच पाने खाण्याजोगी होतात. मला डोंगरातील सर्व प्राण्यांत हा सर्वांत हुशार साठवणदार वाटतो. थंडीसाठी घडलेले त्याचे दाट केसाळ शरीर उष्णता टाकण्यात मात्र कमी पडते. दगडांखालच्या गार पोकळीत जाता आले नाही, तर सुमारे २६ अंशांची हवाही त्याला काही तासांत मारू शकते. म्हणून तो सकाळ-संध्याकाळ दिसतो, आणि दगडांच्या राशीशेजारी अर्धा तास हालचाल न करता बसणाऱ्यालाच दिसतो.

दुपार होऊ लागली की उष्णता हवेला कामाला लावते. ऊन लागलेले उतार तापतात, त्यांना लागलेली हवा हलकी होऊन वर सरकते आणि दरीतून शिखराकडे वारा वाहू लागतो. गिधाडे आणि गरुड याच वर चढणाऱ्या हवेची वाट पाहत असतात. हा वारा सोबत परागकण, बिया आणि कीटकही नेतो. बर्फाच्या पट्ट्यांवर पडून गारठलेले कीटक टिपत फिरणारे पक्षी पाहणे, हा उन्हाळ्यातील डोंगराचा एक हमखास देखावा आहे. १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमेत तिचे डॉक्टर आणि निसर्गअभ्यासक रिचर्ड हिंग्स्टन यांना सुमारे ६,७०० मीटर उंचीवर उडी मारणारे कोळी सापडले. जिथे हिरवे पान नाही तिथे ते काय खातात, हे कोडे होते. ते कोळी लहान कीटकांवर जगतात आणि ते कीटक वाऱ्याने आणलेल्या सेंद्रिय कचऱ्यावर, हे पुढे जीवशास्त्रज्ञ लॉरेन्स स्वॉन यांनी दाखवून दिले.

हीच चढती हवा पुरेशी दमट असेल, तर दुपारी वादळ उभे राहते. सकाळी दहा-अकराच्या सुमारास फुलकोबीसारखे ढग रुंदीपेक्षा उंचीने अधिक वाढताना दिसले, की शिखराचा बेत सोडून धारेवरून खाली उतरावे. स्कॉटलंडमधील बेन नेव्हिसवर सप्टेंबर १८९४ मध्ये काही दिवस राहून ढगांवरील प्रकाशाची वलये पाहणारे भौतिकशास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन जून १८९५ मध्ये त्याच परिसरात एका धारेवर असताना त्यांचे केस अचानक ताठ उभे राहिले. ते तातडीने खाली उतरू लागले, आणि थोड्याच वेळात वीज कडाडली. वलयांच्या ओढीतून त्यांनी पुढे विद्युतभारित कणांचे मार्ग धुक्याच्या रेघांनी दाखवणारे मेघकोष्ठ हे उपकरण घडवले, ज्यासाठी १९२७ चे नोबेल त्यांना मिळाले. त्या विजेने लावलेले वातावरणीय विद्युतशास्त्राचे वेड आयुष्यभर टिकले. केस उभे राहणे किंवा धातूच्या वस्तूंतून गुणगुण ऐकू येणे, ही वीज पडण्याआधीची शेवटची सूचना असू शकते. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतच्या सेकंदांना तीनने भागले, की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी उघड्यावर येऊ नये. एकट्या झाडाखालचा आसरा सर्वांत वाईट.

दुपारची उष्णता पाण्यातही उतरते. बर्फातून किंवा हिमनदीतून निघणारा ओढा पहाटे सर्वांत उथळ असतो आणि दुपारनंतर चढत जातो, म्हणून सकाळी सहज ओलांडलेला प्रवाह परतताना ओलांडता येईलच असे नाही. त्याच वेळी बर्फाच्या एखाद्या पट्ट्यावर गुलाबी छटा दिसू शकते. बूट दाबला की ठसा लालसर उमटतो. १८१८ मध्ये ब्रिटिश नौदल अधिकारी जॉन रॉस यांच्या मोहिमेने ग्रीनलंडच्या किनाऱ्यावरील असा लाल बर्फ सोबत नेला होता. हा रंग एका सूक्ष्म शैवालाचा असतो, आणि ते हिरव्या शैवालांच्याच कुळातले आहे. तीव्र प्रकाशापासून वाचण्यासाठी ते पेशीत लाल रंगद्रव्य साठवते. लाल बर्फ ऊन कमी परावर्तित करतो, त्यामुळे तो लवकर वितळतो, आणि शैवालाला हवे असलेले पाणी मिळते. आर्क्टिकमधील हिमनद्यांवर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वितळण्याच्या हंगामात शैवालामुळे बर्फाची परावर्तनक्षमता सुमारे १३ टक्क्यांनी घटल्याचे आढळले.

पृथ्वी तापत असताना हा सगळा हिशेब बिघडत आहे, आणि तो डोंगरात आधी दिसतो. चिंबोराझोवर २०१२ मध्ये केलेल्या पाहणीत हम्बोल्ट यांच्या काळापासून वनस्पतींच्या वरच्या सीमा ५०० मीटरहून अधिक वर सरकल्याचे दिसले. युरोपातील ३०२ शिखरांच्या जुन्या-नव्या नोंदी तपासणाऱ्या २०१८ च्या अभ्यासात, २००७ ते २०१६ या दशकात शिखरांवर नव्या जातींची भर १९५७ ते १९६६ या दशकाच्या पाचपट वेगाने पडल्याचे निष्पन्न झाले. नव्या जाती येतात याचा अर्थ थंडीला बांधलेल्या जुन्या जातींची जागा आकसते असा होतो, कारण शिखराच्या वर सरकायला डोंगरच शिल्लक नसतो. दगडांच्या गार राशी हातातून गेल्या, तर पिका या प्राण्याला दुसरीकडे जाताही येत नाही.

या अभ्यासांचा आधार एका विशिष्ट प्रकारच्या नोंदी आहेत: कोणत्या शिखरावर, किती उंचीवर, कोणत्या तारखेला, कोणती वनस्पती दिसली. युरोपातील शिखरांच्या सर्वांत जुन्या नोंदी एकोणिसाव्या शतकातल्या आहेत, आणि उन्हाळ्यात डोंगर चढणाऱ्या वनस्पतीप्रेमींनी त्या हाताने लिहिल्या. आज अशीच नोंद करायची असेल तर फुलाचा फोटो, पानाचा फोटो, उंची, वेळ आणि उताराची दिशा एवढे पुरते. एखादी जात त्या वाटेवर सर्वांत वर कुठे दिसली, ही नोंद अभ्यासकांना विशेष मोलाची असते, कारण सीमा सरकली की नाही हे तिच्यावरूनच कळते.