तांबडी माती, गोड्या विहिरी आणि धुण्याची पावडर

पाऊस सुरू झाला की गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत शाळेतून घरी आलेल्या प्रत्येक पांढऱ्या सदऱ्यावर तांबडे शिंतोडे दिसतात. मग घरात नव्या पावडरीचा शोध सुरू होतो. महाग पावडर आणली, तरी डागाची कड राहतेच. याचं कारण पावडरीत नसून आपल्या मातीत आहे.

जाहिरातीतला चिखल सहसा काळपट असतो. गोव्याची जांभ्याची माती लोखंडाच्या ऑक्साइडांनी रंगलेली आहे. तिचे बारीक कण सुताच्या तंतूंत शिरून बसतात. कण ओले असताना चोळले, की ते आणखी खोल जातात. म्हणून चिखल पूर्ण वाळू द्यावा, झटकावा, ब्रश मारावा आणि मगच कपडा पाण्यात घालावा. यानंतर जो पिवळसर-तांबूस रंग उरतो, तो लोखंडाचा. ब्लीच डागातल्या रंगद्रव्याचं ऑक्सिडीकरण करून तो रंग घालवतं. इथलं लोखंड मात्र आधीच ऑक्सिडीकरण झालेलं आहे, त्याच्यावर ब्लीच आणखी काय करणार? उलट विहिरीच्या पाण्यात लोह विरघळलेलं असेल, तर क्लोरीनच्या ब्लीचने ते कपड्यावरच गंजासारखं बसतं आणि पांढरा कपडा पिवळा पडतो.

लोखंडाला आम्ल लागतं. लिंबातलं सायट्रिक आम्ल किंवा बिंबल या आंबट फळातलं ऑक्झॅलिक आम्ल लोखंडाच्या कणांना धरून पाण्यात विरघळवतं. परसात बिंबलाचं झाड असेल, तर गंजाच्या डागावर बिंबल चोळण्याचा जुना उपाय रसायनशास्त्राला धरूनच आहे. रंगीत कपड्यावर आधी आतल्या शिवणीवर करून पाहावं. आणि आम्ल व क्लोरीनचं ब्लीच कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

आता पाण्याकडे वळू, कारण पावडरीवरचा अर्धा खर्च पाणी ठरवतं. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पावडरीतल्या मळ काढणाऱ्या द्रव्याला अडवतात. त्यांचा बंदोबस्त करण्यासाठी पावडरीत धुण्याचा सोडा, झिओलाइट असे घटक घातलेले असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेण्याजोगा मानला आहे. राजस्थानातल्या कूपनलिकांच्या पाण्यात हा आकडा सहज वर जातो. जांभ्यातून झिरपलेलं पाणी मात्र बहुधा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं. किनाऱ्यालगत आणि खाजनांच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतांच्या) कडेच्या विहिरींत खारं पाणी शिरतं, तिथली गोष्ट वेगळी.

आपलं पाणी कसं आहे, ते घरी कळतं. एका बाटलीत पावसाचं पाणी, दुसरीत घरचं. दोन्हींत अंगाच्या साबणाचा सारखाच तुकडा टाकून हलवायचं. घरच्या बाटलीत फेस कमी आणि साय जास्त आली, तर पाणी कठीण. पावडर किंवा लिक्विड घालून हा प्रयोग करू नये, त्यांत ती साय धरत नाही. दोन्हीकडे सारखाच फेस आला, तर पाकिटावर सांगितलेल्या मापाच्या निम्म्यापासून सुरुवात करून पाहायला हरकत नाही. तीच पावडर बिकानेरात विकली जाते आणि वाळपईतही, माप मात्र पाण्यानुसार बदलायला हवं. जास्त पावडर नीट खंगाळली जात नाही, कपडा कडक होतो आणि उरलेल्या थरावर पुन्हा मळ चिकटतो.

फेसाचा आणि स्वच्छतेचा संबंध जवळजवळ नाही. फेस आपल्याला आवडतो, म्हणून हाताने धुण्याच्या पावडरी भरपूर फेस करतात. हीच पावडर फ्रंट लोड मशीनमध्ये घातली, तर फेसामुळे कपडे आपटलेच जात नाहीत. त्या मशीनसाठी कमी फेसाची पावडर किंवा लिक्विडच घ्यावं.

पैसे मोजायचे असतील, तर ते एन्झाइमसाठी, म्हणजे मळ तोडणाऱ्या विकरांसाठी मोजावेत. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो र्‍योम यांनी १९१३ मध्ये प्राण्यांच्या स्वादुपिंडातली विकरं धुण्यासाठी वापरली; आज ती सूक्ष्मजीवांकडून मिळवतात. प्रोटीएज मासळीचं रक्त, दूध, घाम यांतली प्रथिनं तोडतं, लायपेज हुमणातल्या (माशांच्या आमटीतल्या) नारळाच्या रसाची चरबी, अमायलेज पेजेची खळ. खोबरेल तेल साधारण २४ अंशांना पातळ होतं आणि आपल्याकडचं नळाचं पाणी बहुतेक वर्षभर त्याहून गरम असतं, त्यामुळे इथे पाणी तापवायची फारशी गरज नाही. रक्ताच्या डागावर तर कढत पाणी ओतूच नये, प्रथिनं गोठून डाग पक्का होतो.

हळद साबण लागताच लाल होते, ती उन्हात विरते. आमसुलाचा डाग निळसर झाला, तरी घाबरू नये. दोन्ही ठिकाणी अल्कधर्मी पावडरीने फक्त रंग बदललेला असतो. काजूच्या बोंडूचा रस मात्र ताजा असतानाच धुवावा, वाळल्यावर त्यातलं टॅनिन तपकिरी होऊन बसतं.

जुलैत दोन-दोन दिवस न वाळणाऱ्या कपड्यांच्या कुबट वासाला बहुतांशी जिवाणू जबाबदार असतात. जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये मोराक्सेला नावाचा जिवाणू यामागचा मुख्य गुन्हेगार ठरवला. सुगंधी कंडिशनर तो वास फक्त झाकतं. सोडियम परकार्बोनेट असलेली पावडर पाण्यात ऑक्सिजनचं ब्लीच सोडते, तिचा उपयोग जास्त. लिक्विडमध्ये हे ब्लीच सहसा नसतं, कारण पाण्यात ते टिकत नाही.

याच कारणासाठी पावसाळ्याच्या तोंडावर पाच किलोची पिशवी घेणं मला तोट्याचं वाटतं. दमट हवेत सोडा पाणी ओढून घेतो, पावडरीचे गठ्ठे होतात आणि त्यातलं ब्लीच कपड्यापर्यंत पोचण्याआधीच डब्यात संपू लागतं. मे महिन्यापर्यंत मोठी पिशवी ठीक. जून ते सप्टेंबर एक किलोचं पाकीट आणि घट्ट झाकणाचा डबा.