अंग आंबतं, पण आम्लाने नव्हे

साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन असते रविवारी, पण तिचा खरा निकाल मंगळवारी जिन्यावर लागतो. यवतेश्वरचा घाट चढायचा आणि त्याच वाटेने उतरायचं, एकूण 21 किलोमीटर. चढताना छातीचा भाता होतो, भलेभले चालायला लागतात. वळसा घेतला की मात्र सगळ्यांच्या अंगात वारं शिरतं. मीही पहिल्या वर्षी असाच सुसाट उतरलो. मंगळवारी ऑफिसचा जिना कठडा धरून, पाठमोरा उतरत होतो. गंमत म्हणजे तोच जिना चढताना फारसं काही दुखत नव्हतं.

याला आपण ‘अंग आंबलं’ म्हणतो. धावणाऱ्यांचा लाडका समजही तितकाच आंबट आहे : लॅक्टिक ॲसिड साचलंय, मालिश करून काढून टाका. पण धावणं थांबल्यावर रक्तातलं वाढलेलं लॅक्टेट, म्हणजे या ॲसिडचंच शरीरातलं रूप, साधारण तासाभरात मूळ पातळीवर येतं. मंगळवारी दुखायला ते उरतंच कुठे? 1983 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जणांना ट्रेडमिलवर 45 मिनिटं पळवलं, एकदा सपाटीवर आणि एकदा 10 टक्के उतारावर. सपाटीवर लॅक्टेट वाढलं, पण नंतर दुखलं नाही. उतारावर लॅक्टेट वाढलं नाही, दुखलं मात्र सणसणीत.

मग दुखतं कशाने? उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ब्रेकचं काम करतो. तो आवळायला बघतो आणि शरीराचं वजन त्याला ताणत नेतं. रस्सीखेचीत हरणारा संघ टाचा रोवून ओढत असतो आणि तरीही पुढे फरपटत जातो, तसंच हे. या ओढाताणीत तंतूंमधली काही सूक्ष्म एककं प्रमाणाबाहेर ताणली जातात, त्यांची रचना विस्कटते.

यातली फसवणूक 1952 साली लंडनच्या रॉयल सोसायटीत फार मजेशीरपणे दाखवली गेली. दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एका सायकलवरचा तरुण पेडल पुढे मारत होता. दुसरीवरची तरुणी त्याला फक्त विरोध करत होती, म्हणजे तिचे स्नायू ताणले जाता जाता जोर लावत होते. थोड्याच वेळात तो दमून गेला, तिला मात्र फारसे कष्ट पडले नाहीत. ताणला जाणारा स्नायू थोड्या तंतूंत आणि थोड्या प्राणवायूत भागवतो. म्हणून उतारावर दम लागत नाही. पण तंतू थोडे, म्हणजे एकेकावरचा भार जास्त. धाप लागत नाही म्हणून आपण वेग वाढवतो आणि मांड्यांचं काय चाललंय ते कळायला दुसरा दिवस उजाडतो.

कारण ही दुखापत लगेच बोलत नाही. शरीराची डागडुजी करणारी फौज तिथे पोहोचते, सूज येते, चेतातंतू हळवे होतात. 24 ते 72 तासांत ठणका शिगेला जातो. त्या काळात स्नायूंची ताकदही खरोखर घटलेली असते आणि त्यांतला ग्लायकोजेनचा, म्हणजे इंधन म्हणून साठवलेल्या साखरेचा, साठा नेहमीपेक्षा सावकाश भरतो. म्हणून बुधवारी ‘पाय मोकळे करायला’ जोरदार धावणारे मला कळत नाहीत. सावकाश चालावं, सायकल हलक्या पायाने मारावी.

खरी दुरुस्ती ताटात आणि अंथरुणात होते. दमश्वासाच्या खेळांचा सराव करणाऱ्यांना रोज वजनाच्या दर किलोमागे सुमारे 1.2 ते 2 ग्रॅम प्रथिनं लागतात. 60 किलोच्या माणसाला किमान 72 ग्रॅम. एका अंड्यात जेमतेम 6 असतात, तेव्हा नुसत्या पोह्यांवर आणि चहावर हे गणित बसत नाही. उसळ, पिठलं, दही, पनीर, मासे, जे घरात चालत असेल ते प्रत्येक जेवणात हवं. सोबत भात-भाकरीही हवी, कारण ग्लायकोजेन त्यातूनच भरायचं आहे. मालिशने आणि बर्फाच्या पाण्याने बरं वाटतं, दुखणं थोडं हलकंही होतं. पण झोप कापून बर्फात बसणं म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार.

एका गोष्टीबाबत मात्र मी कडक आहे. शर्यतीआधी किंवा वाटेत आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेऊ नये. घाम गाळून पाणी कमी झालेल्या शरीरात मूत्रपिंडाकडचा रक्तपुरवठा आधीच आटलेला असतो, तो या गोळ्या आणखी कमी करू शकतात. आणि शर्यतीनंतर लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर वाट न बघता डॉक्टर गाठावा. फुटलेल्या स्नायूंतली प्रथिनं मूत्रपिंडात उतरल्याची ती खूण असू शकते.

निसर्गाने एक सोय मात्र करून ठेवली आहे. स्नायूंनी एकदा उतार सोसला की त्यांची बांधणी बदलते, आणि पुढचे काही आठवडे तसाच उतार त्यांना कितीतरी कमी दुखवतो. त्यासाठी पहिला मार फार मोठा असायचीही गरज नाही, थोडक्यातही काम भागतं. म्हणजे साताऱ्याच्या तयारीत चढाइतकाच उतारही हवा. सिंहगडावर दर रविवारी घाम गाळत चढणारे कितीतरी जण गुडघे वाचवायला खाली जीपने येतात. शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधी मी उलटं करतो, जीपने वर जातो आणि पायी, बेताने उतरतो. जीपवाल्याने एकदा विचारलंच, “साहेब, चढायचा कंटाळा आला का?”