पोर्ट ऑटो की फिक्स? एका जुन्या सवयीची पार्श्वभूमी

मुंबईतल्या कार्यालयांत नवा स्विच (कॉम्प्युटर एकमेकांना केबलने जोडणारी पेटी) बसवताना एक सूचना आजही कानावर येते: सर्व्हरचा आणि लीज्ड लाइनचा (पुरवठादाराकडून भाड्याने घेतलेल्या स्वतंत्र जोडणीचा) पोर्ट ऑटोवर ठेवू नका, १०० फुल करून टाका. म्हणजे उपकरणांना आपसांत ठरवू देऊ नका, १०० मेगाबिट वेग आणि फुल ड्युप्लेक्स (दोन्ही दिशांनी एकाच वेळी वाहतूक) असं हाताने फिक्स करा. इथरनेटमध्ये, म्हणजे केबलने कॉम्प्युटर जोडण्याच्या या पद्धतीत, १९७३ च्या सुमारे ३ मेगाबिटच्या प्रयोगापासून पुढच्या कोॲक्सियल जाळ्यांपर्यंत असा प्रश्नच नव्हता. सगळ्यांची केबल एक, वेग एक, आणि हाफ ड्युप्लेक्स (एका वेळी एकाच दिशेने वाहतूक) गृहीतच.

१९९५ मध्ये १०० मेगाबिटचं मानक आलं. आता त्याच आरजे-४५ सॉकेटवर (नेटवर्क केबलच्या नेहमीच्या खाचेवर) १० आणि १०० असे दोन वेग आणि थोड्याच काळात दोन ड्युप्लेक्स, असे चार पर्याय झाले. दोन्ही टोकांनी आपापल्या क्षमता कळवून त्यांतला सर्वांत चांगला समान पर्याय निवडायचा, ही ऑटो-निगोशिएशनची तरतूद त्याच मानकात होती, पण ऐच्छिक. शिवाय मजकुरात संदिग्धता होती. १९९८ च्या आवृत्तीत ती दूर होईपर्यंत एका कंपनीचं कार्ड आणि दुसरीचा स्विच यांचं अनेकदा जुळत नसे. त्या तीन-चार वर्षांत पोर्ट फिक्स करणाऱ्यांचं अजिबात चुकलं नव्हतं.

चुकलं ते पुढे. एका टोकाला १०० फुल फिक्स केलं की बहुतेक उपकरणं क्षमता कळवणं थांबवतात. समोरचं ऑटो टोक सिग्नलवरून वेग ओळखतं, पण ड्युप्लेक्स ओळखायला त्याच्याकडे काहीच साधन नसतं. अशा वेळी हाफ धरावं, असं मानकच सांगतं. मग लिंकचा दिवा हिरवा, पिंग (समोरचं टोक उत्तर देतं का, ही छोटी चाचणी) व्यवस्थित, आणि मोठी फाइल पाठवली की वेग कोसळतो. हाफ टोकावर लेट कोलिजन (उशिरा होणाऱ्या टकरी) वाढतात, फुल टोकावर सीआरसी एरर (तपासणीत बिघडलेल्या ठरणाऱ्या फ्रेम, म्हणजे डेटाचे तुकडे) आणि तुटक्या फ्रेम. दोन्हीकडचे या चुका मोजणारे काउंटर शेजारी ठेवून कोणी पाहत नाही. ‘हाफ’ दिसतं ते ऑटोवाल्या टोकाला, म्हणून दोष ऑटोला, आणि उपाय म्हणून आणखी चार पोर्ट फिक्स! आजाराचं कारणच औषध म्हणून दिलं गेलं, आणि ही सवय इतकी वर्षं टिकली ती यामुळेच.

मुंबईत या सवयीला २००० नंतरच्या केबलवाल्या इंटरनेटने हातभार लावला. गच्चीवरून गच्चीवर ओढलेल्या कॅट-५ (तांब्याच्या तारांच्या चार जोड्या असलेल्या) केबल्स, आणि त्यांना जोडणारे लहान अनमॅनेज्ड स्विच. त्या स्विचवर सेटिंग करण्याची सोयच नव्हती, ते कायम ऑटोवर. अशा वेळी कोणाच्या सल्ल्याने घरच्या कॉम्प्युटरचं कार्ड १०० फुल केलं की तोच घोळ हमखास ठरलेला.

१९९९ मध्ये तांब्याच्या तारेवरचा गिगाबिट आला आणि माझ्या मते वाद तिथेच निकालात निघायला हवा होता. त्यात दोन टोकांपैकी क्लॉक (सिग्नलची वेळ ठरवणारं घड्याळ) कोणाचं, हे आधी ठरावं लागतं, म्हणून निगोशिएशन सक्तीचं झालं. अनेक स्विचवर वेग १००० असा लिहिला तरी निगोशिएशन बंद होत नाही, फक्त तेवढा एकच पर्याय कळवला जातो. २००२ च्या १० गिगाबिट मानकात तर हाफ ड्युप्लेक्स उरलंच नाही.

तरीही १०० वर फिक्स केलेले पोर्ट सापडतात. कधी कारण वेगळंच असतं: गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. निगोशिएशन मात्र दोनच जोड्यांवर होतं. त्यामुळे गंजलेली तिसरी किंवा चौथी जोडी असली तर गिगाबिट ठरतो, पण लिंक उभी राहत नाही. पोर्ट १०० वर आणला की काम चालतं आणि खराब केबल भिंतीत तशीच राहते.

लीज्ड लाइनच्या बाबतीत मात्र पुरवठादाराचं टोक खरोखर फिक्स असू शकतं. तिथे ते लेखी विचारून घ्यावं आणि आपलं टोक अगदी तसंच ठेवावं.