अकराशे किलोंची चपळाई

२०१० च्या ऑक्टोबरमध्ये औरंगाबादच्या व्यावसायिकांनी मिळून एकाच दिवशी दीडशेच्या आसपास मर्सिडीज घरी आणल्या आणि देशभर बातमी झाली. मराठवाड्यात गाडी जोखायची मापं तशी ठरलेली आहेत. गाडी लांब हवी, उंच हवी, दार लावल्यावर ‘धप्प’ असा भारदस्त आवाज यायला हवा. बीडपासून नांदेडपर्यंत पुढाऱ्यांच्या ताफ्यात फॉर्च्युनर दिसते ती उगाच नव्हे. अशा मुलखात, क्रांती चौकात कुणी आल्पिन ए११० ही फ्रेंच स्पोर्ट्स कार आणून उभी केली, तर बघणाऱ्यांचा पहिला प्रश्न असेल, “एवढीशीच?”

एवढीशीच. लांबी ४.१८ मीटर, म्हणजे स्विफ्टपेक्षा जेमतेम ३२ सेंटिमीटर जास्त. उंची सव्वा मीटर. बसायला दोनच माणसं. फ्रान्सच्या दिएप या बंदराच्या गावी तयार झालेली ही गाडी २०१७ साली आली. १९७३ साली जागतिक रॅली स्पर्धेत कंपन्यांचं पहिलंवहिलं विजेतेपद मिळवणाऱ्या जुन्या ए११० चा हा नवा अवतार. इंजिन १.८ लिटरचं, चार सिलिंडरचं, टर्बोवालं, म्हणजे हवा दाबून आत भरणारा पंखा असलेलं. ताकद २५२ अश्वशक्ती, टॉर्क म्हणजे फिरवायचा जोर ३२० न्यूटन-मीटर. हे आकडे काही डोळे दिपवणारे नाहीत. ऑटोमॅटिक डिझेल फॉर्च्युनरचा टॉर्क ५०० न्यूटन-मीटर असतो. तरीही ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला फॉर्च्युनरला दहा सेकंदांच्या आसपास लागतात, आल्पिनला साडेचार. फॉर्च्युनरचं वजन दोन टनांच्या वर, आल्पिनचं १,१०३ किलो. सगळी गोम तिथे आहे.

हे वजन उतरवलं कसं? सांगाडा आणि बॉडी मिळून ९६ टक्के ॲल्युमिनियम. आता जालन्याच्या सळईचं पोलाद आणि वाळूजच्या कारखान्यांत ओतलं जाणारं ॲल्युमिनियम यांची तुलना करू. पोलादाची घनता घन सेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम, ॲल्युमिनियमची २.७, म्हणजे ॲल्युमिनियम जवळजवळ तिपटीने हलकं. पण त्याची ताठरताही पोलादाच्या एक-तृतीयांशच. मग फायदा काय झाला? नुसतं ओढून-ताणून पाहिलं तर काहीच नाही. हा मुद्दा ‘हलका धातू, हलकी गाडी’ म्हणून उरकणारे बरेचजण विसरतात. खरी मेख जाडीत आहे. पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो. त्याच वजनात ॲल्युमिनियमचा पत्रा तिप्पट जाड करता येतो. धातू एक-तृतीयांश ताठर, पण जाडीने विरोध सत्तावीसपट, म्हणून एकूण नऊपट. एवढा ताठपणा नको असेल, तर तेवढा पत्रा कमी करा. वजन उतरतं ते इथे. ॲल्युमिनियमला वेल्डिंगची आच लागली की जोडाजवळ ते कमजोर पडतं. म्हणून या गाडीचे बहुतेक जोड चिकटद्रव्याने चिकटवलेले आणि वर रिव्हेट मारलेले आहेत.

बाकी सगळी कंजुषी आहे, आणि मला तीच फार आवडते. एका सीटचं वजन १३.१ किलो. मागच्या ब्रेकच्या कॅलिपरमध्येच हँडब्रेकची यंत्रणा बसवली, अडीच किलो वाचले. अडीच किलोंसाठी इंजिनिअर लोकांनी बैठका घेतल्या असणार! पण अशी शंभर ठिकाणी काटछाट झाल्याशिवाय वजन खाली येत नाही. शिवाय हलक्या गाडीला ब्रेक लहान पुरतात, चाकं लहान पुरतात, सस्पेन्शन हलकं चालतं, म्हणजे आणखी वजन उतरतं.

आता पिकअपकडे वळू. साडेचार सेकंदांत शून्यावरून शंभर म्हणजे सरासरी त्वरण ६.२ मीटर प्रति सेकंद वर्ग, गुरुत्वाकर्षणाच्या ६३ टक्के. चांगला टायर कोरड्या रस्त्यावर ढोबळमानाने, त्याच्यावर जेवढा भार आहे तेवढाच जोर जमिनीला लावू शकतो. म्हणजे इंजिन ज्या चाकांना फिरवतं, त्यांच्यावर गाडीचं किमान ६३ टक्के वजन पडलं पाहिजे. नाहीतर चाकं नुसती जागच्या जागी घसरणार, मग बॉनेटखाली पाचशे अश्वशक्ती का असेना.

आपल्या बहुतेक छोट्या गाड्या धुरजड, म्हणजे पुढे जड असतात. इंजिन पुढे, ओढणारी चाकंही पुढे. उभ्या गाडीत हे ठीक असतं, पण ॲक्सिलरेटर दाबला की भार मागे सरकतो आणि नेमकी ओढणारी चाकं हलकी होतात. उभ्या गाडीत त्यांच्यावर ६० टक्के भार असला, तरी जोरात निघताना तो निम्म्यावर येतो. अशी गाडी कितीही ताकदवान केली, तरी साडेपाच-पावणेसहा सेकंदांच्या आत शंभर गाठणं तिला जड जातं. आल्पिनचं इंजिन चालकाच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या पुढे आहे आणि ताकद मागच्या चाकांना जाते. उभी असताना मागे ५६ टक्के भार. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २.४२ मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरच्या आत धरला, तर निघताना आणखी ११-१२ टक्के भार मागे येतो. बेरीज ६७-६८. हवे होते ६३, हिशेब बसला. इंजिन आणखी मागे नेलं तर पिकअपला बरंच, पण मग गाडी उलाळ, म्हणजे मागे जड होईल आणि पुढची चाकं वळणात नीट चावणार नाहीत. कापसाची बैलगाडी भरणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. आल्पिनवाल्यांनी तोल साधायला ४५ लिटरची पेट्रोलची टाकी पुढे नेऊन ठेवली.

वळणांसाठी कन्नडचा औट्रम घाट घेऊ. २०२३ मध्ये अवजड वाहनांना बंदी येण्याआधी तिथल्या ट्रकांच्या रांगेमागे आल्पिनच काय, विमानही रांगेतच चाललं असतं, पण हिशेबाला वळणं उत्तम आहेत. ३० मीटर त्रिज्येचं वळण आणि चांगली पकड असेल तर घसरण्याआधीचा कमाल वेग निघतो ताशी ६२ किलोमीटर. या सूत्रात वजन येतच नाही! मग हलक्या गाडीचं कौतुक कशाला? कारण सूत्रातला टायर आदर्श आहे आणि खरा टायर लबाड. त्याच्यावरचा भार दुप्पट केला, तर पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमी वाढते. वळणात बाहेरची चाकं दबतात, आतली हलकी होतात. बाहेरच्यांनी जेवढं कमावलं त्यापेक्षा आतल्यांनी जास्त गमावलेलं असतं. गाडी जेवढी जड आणि उंच, तेवढा हा घाटा मोठा. आल्पिन बुटकी आहे ती नुसती दिसण्यासाठी नाही. शिवाय तिच्या चारही चाकांना दुहेरी विशबोनचं, म्हणजे चाकाला वर-खाली दोन दांड्यांनी धरणारं सस्पेन्शन आहे, त्यामुळे बॉडी झुकली तरी टायर रस्त्यावर बऱ्यापैकी सपाट टेकून राहतो. मग स्प्रिंगा दगडासारख्या टणक करायची गरज उरत नाही. खराब रस्त्यावरही ही गाडी हाडं खिळखिळी करत नाही, असं तिचं कौतुक होतं ते यामुळे. आपल्याकडचे गावठी स्पीडब्रेकर मात्र तिने पाहिलेले नाहीत. तळ सपाट, मागे हवेला वाट देणारा डिफ्युझर. गाडीला जमिनीकडे दाबायचं काम या तळाकडून होतं, म्हणून वर पंख लावलेला नाही. तो तळ पहिल्याच ब्रेकरवर खरवडून निघेल.

आणि आपला उन्हाळा. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटरवर. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला की इथली हवा, समुद्रकाठच्या १५ अंशांच्या हवेपेक्षा जवळपास १५ टक्के विरळ होते. साधं पेट्रोल इंजिन तेवढा कमी प्राणवायू ओढतं आणि तेवढीच ताकद गमावतं. टर्बो जास्त फिरून ही तूट बरीचशी भरून काढतो, पण दाबलेली हवा आणखी तापते आणि ती थंड करणाऱ्या इंटरकूलरलाही बाहेरची ४२ अंशांचीच हवा मिळते. इंजिन पाठीमागे असल्याने समोरचा वारा त्याला थेट लागत नाही, हवा बाजूच्या खाचांतून घ्यावी लागते. विरळ हवेत वाऱ्याचा विरोधही १५ टक्के कमी होतो, पण समृद्धी महामार्गावर ताशी १२० ची मर्यादा पाळणाऱ्याला त्याचा उपयोग थोडाच.

या सगळ्या कंजुषीला आता बॅटरीने आव्हान दिलं आहे. २०२२ साली आल्पिनने ए११० ची विजेवरची एक प्रायोगिक गाडी बनवली. नुसत्या बॅटरीचं वजन ३९२ किलो, अख्खी गाडी १,३७८ किलोंची. विजेच्या गाडीत बॅटरी सहसा पायाखाली, तळात पसरतात. तसं केलं असतं तर सीट वर उचलावी लागली असती आणि बुटकेपणा गेला असता. म्हणून बॅटरीचे बारा भाग केले, चार पुढे आणि आठ मागे ठेवले. शंभरचा वेग पुन्हा साडेचार सेकंदांतच. शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिक पट्ट्यासाठी टोयोटाने २०२४ मध्ये हायब्रिड आणि विजेच्या गाड्यांच्या कारखान्याचा सामंजस्य करार केला आहे. तिथे उद्या रुजू होणाऱ्या पोरापोरींच्या टेबलावरही एकेका किलोचा असाच हिशेब येणार आहे, मग गाडी सात सीटांची का असेना.