दुसऱ्या पाळीचे पहिले शाफ्ट

कामातल्या चुकांमागची कारणं शोधायला वही कशी लिहायची ते पाहू, आणि त्यासाठी नाशिकच्या सातपूर किंवा अंबडच्या मशीन शॉपमधला पाळी बदलण्याचा प्रसंग घेऊ. सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या, लेथवर शाफ्टचं टर्निंग चाललंय. इन्सर्टची, म्हणजे कापणाऱ्या बदलत्या तुकड्याची, धार झिजत जाते तसा शाफ्टचा व्यास वाढायला लागतो, म्हणून ऑपरेटर अधूनमधून वेअर ऑफसेट, म्हणजे झीज भरून काढायला मशीनमध्ये भरलेला आकडा, थोडा थोडा उणे करत राहतो. पाळी संपत आली तेव्हा हा आकडा, समजा, उणे ०.०८ मिलिमीटरवर पोचला. शेवटच्या काही मिनिटांत त्याने इन्सर्ट बदलला, पण ऑफसेट शून्यावर आणायचा राहून गेला. रजिस्टरमध्ये नोंद नाही. दुसऱ्या पाळीवाल्याने सायकल सुरू केली आणि नव्या धारेने शाफ्ट ०.०८ ने बारीक कापले. टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, ±०.०२ चा. जाड निघाले असते तर पुन्हा एक कट मारता आला असता. बारीक झालेला शाफ्ट मात्र भंगारातच जातो.

सुपरवायझरचा निकाल तयार असतो: "पोराचं कामात लक्ष नाही." दुसऱ्याच्या वागण्याचं कारण त्याच्या स्वभावात शोधायचं आणि परिस्थितीचा वाटा कमी धरायचा, या सवयीला ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये 'मूलभूत आरोपणदोष' म्हटलं. एमबीएच्या ओबीच्या (संघटनात्मक वर्तनाच्या) पेपरात याची व्याख्या लिहून पाच मार्क पदरात पडतात. तोच विषय आपल्या कामाला लावायचा म्हटलं की घोडं अडतं, कारण त्या प्रसंगात आपण स्वतःच असतो आणि आपली आठवण आपल्याच बाजूने झुकलेली असते.

ती किती झुकते हे मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ मध्ये दाखवलं. त्यांनी नवरा-बायकोंना वेगवेगळं विचारलं, घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती? दोघांच्या उत्तरांची बेरीज बहुतेक घरांत पूर्णाच्या वर गेली. हा नुसता बढाईचा प्रकार नव्हता, कारण भांडण उकरून काढण्यासारख्या नकोशा गोष्टींतही लोकांनी स्वतःचा वाटा जास्तच धरला. आपण केलेलं आपल्याला चटकन आठवतं, एवढंच. ग्रुप प्रोजेक्ट करणाऱ्या पाच जणांना हे सहज तपासता येईल: प्रत्येकाने आपला टक्का चिठ्ठीवर लिहायचा आणि बेरीज करायची. बेरीज १०० च्या पुढे गेली की 'मीच सगळं केलं' या वाक्याचं वजन आपोआप उतरतं.

आठवणीची दुसरी खोड बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये नोंदवली. निकाल कळल्यावर लोकांना वाटतं, हे होणार असं आपल्याला आधीच माहीत होतं. त्यामुळे आठवड्याच्या शेवटी आठवून लिहिलेलं चिंतन फारसं कामाचं नसतं. नोंद त्याच दिवशी व्हायला हवी आणि अपेक्षा तर काम सुरू होण्याआधीच लिहून ठेवायला हवी.

त्यासाठी शंभर पानी वही पुरते. आठवड्याला एकच प्रसंग घ्यायचा, साधारण वीस मिनिटं. आधी काय अपेक्षित होतं आणि काय घडलं, ते कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच लिहायचं. 'त्याने दुर्लक्ष केलं' हे कॅमेऱ्याला दिसत नाही. 'रजिस्टरचा रकाना कोरा होता' हे दिसतं. मग मनात आलेलं पहिलं कारण लिहायचं, ते कितीही एकतर्फी असलं तरी. त्याखाली दुसरं कारण, आणि याला अट अशी की त्यात कुणा माणसाचा स्वभाव येता कामा नये. सगळी मेहनत या दुसऱ्या कारणात आहे, आणि बहुतेक जण नेमकं तेच गाळतात.

शाफ्टच्या प्रसंगात हे दुसरं कारण काय निघेल? बोर्डावर मोजले जातात ते पाळीचे नग, आणि हस्तांतराला लागणारी मिनिटं कुणाच्याच खात्यात पडत नाहीत. पाळी सुटायची वेळ आणि कंपनीची बस निघायची वेळ यांत जेमतेम हात धुण्याइतकं अंतर. रजिस्टर मशीनपासून लांब, सुपरवायझरच्या टेबलावर. हवी असते एक गोष्ट आणि बक्षीस दिलं जातं दुसरीला, हे स्टीव्हन कर यांनी १९७५ मध्ये नेमकं पकडलं होतं. इथे तर नोंद न करणाऱ्याचा आकडा चांगला दिसतो आणि नोंद करणाऱ्याची बस चुकते.

कोरं रजिस्टर पाहून खूश होणारे साहेब भेटतात. त्यांनी एमी एडमंडसन यांचं १९९६ चं रुग्णालयांतलं काम जरूर पाहावं. ज्या तुकड्यांचं एकमेकांशी चांगलं जमत होतं त्यांच्याकडे औषधांच्या चुका जास्त सापडल्या. एडमंडसन यांचं म्हणणं पडलं की अशा तुकड्यांत चुका जास्त होत असतील असं नाही. तिथे त्या बोलल्या जात होत्या. म्हणून वहीत नावांऐवजी 'पहिल्या पाळीचा ऑपरेटर' असंच लिहावं. वही कधी कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही, आणि एकदा तिच्यावरून कुणाची खरडपट्टी निघाली की पुढे त्या वहीत कुणी खरं लिहिणार नाही.

वही बिघडते ती बहुधा दोन तऱ्हांनी. एक, ती तक्रारवही होते. पानभर 'ते', 'त्यांनी', आणि 'मी' शोधूनही सापडत नाही. दुसरी तऱ्हा विद्यार्थ्यांची: प्रसंगाला मॅस्लोच्या गरजांच्या उतरंडीचं लेबल चिकटवलं की विश्लेषण झालं, असं समजायचं. त्या लेबलामुळे सोमवारी काय वेगळं करायचं ते कळत नसेल तर ते खोडून टाकलेलं बरं.

शेवटच्या रकान्यात एकच बदल लिहायचा, आणि तो मोजता येईल असा हवा. 'संवाद वाढवू' हे चालणार नाही. 'रजिस्टर मशीनलाच टांगू, पाळी सुटायच्या दहा मिनिटं आधी दोन्ही ऑपरेटर ऑफसेटचा स्क्रीन एकत्र वाचतील, पहिला शाफ्ट मायक्रोमीटरने मोजल्याशिवाय दुसरा लावायचा नाही' यांपैकी एक लिहा. एका वेळी एकच लागू करा, नाहीतर गुण कशाने आला ते कळणार नाही. मग दोन आठवडे दुसऱ्या पाळीच्या पहिल्या पाच नगांतलं रिजेक्शन वेगळं मोजा. ते उतरलं नाही तर आपलं दुसरं कारणही चुकलं असं धरा, आणि त्याच पानावर तिसरं लिहा.